कुरूप काढण्यापलीकडे

कुरूप काढायचे, जाड झालेली नखे कापायची, टाचेची मेलेली कातडी खरवडायची. एवढ्यापुरताच ओळखला जाणारा व्यवसाय शंभर वर्षांत कुठवर पोहोचू शकतो, हे ब्रिटनमधल्या पोडियाट्रीत, म्हणजे पावलांच्या उपचारशास्त्रात, दिसते. १९१३ मध्ये लंडनमध्ये गोरगरिबांसाठी पावलांचा दवाखाना निघाला. १९४५ मध्ये विखुरलेल्या संघटना एकत्र आल्या. त्यांतून उभी राहिलेली संस्था आज रॉयल कॉलेज ऑफ पोडियाट्री म्हणून ओळखली जाते. २०१३ च्या कायदेबदलानंतर जादा प्रशिक्षण घेतलेला पोडियाट्रिस्ट तिथे स्वतःच्या जबाबदारीवर औषधे लिहून देऊ शकतो. या व्यवसायाच्या शाखांपैकी हाडे, सांधे, स्नायू आणि स्नायुबंध पाहणारी शाखा म्हणजे मस्क्युलोस्केलेटल, तिथल्या बोलण्यात 'एमएसके'.

पदवी आणि पायऱ्या

इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. त्यानंतर हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी. 'पोडियाट्रिस्ट' हे पदनाम कायद्याने राखीव आहे. भारतातून गेलेल्या फिजिओथेरपिस्टला तिथे फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणी मिळू शकते. पोडियाट्रिस्ट व्हायचे तर पोडियाट्रीचेच मान्य शिक्षण हवे.

एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नवा पदवीधर पाचव्या बँडवर, म्हणजे पगाराच्या पाचव्या पायरीवर, लागतो. सुरुवातीला त्याच्या वाट्याला सगळेच येते: मधुमेहींच्या जखमा, संधिवाताने वाकडी झालेली बोटे, रुतलेली नखे. एमएसकेची ओढ असलेल्या तरुणांना हा काळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण रक्तपुरवठा आणि संवेदना तपासायची सवय लागते ती इथेच, आणि ती पुढे जन्मभर उपयोगी पडते. सहाव्या बँडवर विशेषज्ञता सुरू होते, सातव्यावर गुंतागुंतीचे रुग्ण येतात. त्यापुढच्या प्रगत भूमिकेसाठी रुग्णसेवा, नेतृत्व, अध्यापन आणि संशोधन अशा चारही अंगांनी तयारी लागते. सोबत पदव्युत्तर अभ्यास, सोनोग्राफी, सांध्यातली इंजेक्शने. काही जण फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातच रुग्णाला पहिल्यांदा तपासणारे तज्ज्ञ होतात.

सिद्धान्त बदलले

पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे. ती कशी असावीत याचा एक आदर्श अमेरिकेतल्या मर्टन रूट यांनी घालून दिला आणि कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. आदर्शापासून ढळलेले पाऊल म्हणजे दोष, आणि त्यावर उपाय म्हणजे बुटात घालायचा मापाने बेतलेला सोल, असा तो हिशेब होता. पण सपाट तळव्यांची असंख्य माणसे आयुष्यभर विनातक्रार चालतात. १९९० च्या दशकात मॅकपॉइल आणि हंट या संशोधकांनी प्रश्नच बदलला: आकार सोडा, कोणत्या ऊतीवर तिच्या ताकदीबाहेर ताण येतोय ते शोधा. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लँडॉर्फ यांच्या चाचणीत टाचदुखीवर तयार सोल आणि मापाने बनवलेला महागडा सोल जवळपास सारखेच ठरले. फायदा थोडा आणि थोड्या काळापुरता. सोल विकून गल्ला भरणाऱ्यांना ही बातमी रुचणारी नव्हती.

एक टाच, जवळून

सकाळी पलंगावरून उतरताना पहिली पावले जीव काढतात, थोडे चालले की बरे वाटते, ही टाचदुखीची नेहमीची तक्रार. विशेषज्ञ आधी जुने बूट मागतो, झिजलेला तळ पाहतो. टाचेच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबतो. रुग्णाला एका पायावर उभे करून टाच उचलायला सांगतो. ती उचलताना आत वळत नसेल, तर घोट्यामागच्या स्नायुबंधाचा संशय येतो. पायाचा अंगठा वर उचलून कमान वर येते का, हे बघतो. हिक्स या संशोधकाने १९५४ मध्ये मांडलेली ती यंत्रणा आहे: अंगठा उचलला की तळव्याचा पट्टा ताणला जातो.

मग प्रश्न. रुग्ण पंचविशीचा असेल आणि सकाळी कंबरही तासभर आखडत असेल, तर दुखणे टाचेपुरते नसते. त्याला संधिवाततज्ज्ञाकडे पाठवावे लागते. एरवी बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून पायरीवर सावकाश टाच उचलण्याचा व्यायाम देता येतो. डेन्मार्कमधल्या २०१४ च्या चाचणीत तीन महिन्यांनी तो नुसत्या ताणण्यापेक्षा सरस ठरला, वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट बरोबरीत आले. रुग्णाला हे दोन्ही सांगणे ही सचोटी आहे.

आपल्याकडे

महाराष्ट्रात टाच दुखली की माणूस ऑर्थोपेडिक सर्जनकडे जातो, नाहीतर दुकानातून जेलचे पॅड आणतो. संबंधित आरोग्यव्यवसायांच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत पोडियाट्रिस्टचे नाव आहे. पण नाव यादीत आले म्हणून व्यवसाय उभा राहत नाही. शिक्षण, नोंदणी आणि पगाराच्या पायऱ्या तीनही लागतात. ब्रिटनकडून त्या पायऱ्या जरूर घ्याव्यात. सोबत तिथे उशिरा कळलेली गोष्टही पहिल्या दिवसापासून शिकवावी: चांगला एमएसके पोडियाट्रिस्ट तो, ज्याला सोल कधी द्यायचा नाही आणि रुग्ण दुसऱ्याकडे कधी पाठवायचा, हे कळते.