आधी पुली, मग पस्तावा

जनरल मोटर्सच्या फ्लिंटमधल्या कारखान्यातून ३८०० व्ही-सिक्सचं शेवटचं इंजिन ऑगस्ट २००८मध्ये निघालं आणि पुढच्या एप्रिलमध्ये कंपनीनं पॉन्टियॅक हा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून अमेरिकेतल्या भंगारवाड्यांतला माल आटत गेला. आज याच इंजिनाची, सुपरचार्जरवाली पॉन्टियॅक ग्राँ प्री जीटीपी कमी पैशांत रस्त्यावर ठेवू पाहणारा भागांसाठी वणवण फिरतो आणि खापर कंपनीवर फोडतो. कंपनी निर्दोष नाहीच. पण या टंचाईला हौशी मंडळींचा 'आधी पुली' पंथही तितकाच जबाबदार आहे. नव्वदीच्या सुरुवातीच्या, छोट्या ब्लोअरच्या (म्हणजे सुपरचार्जरच्या) वयस्कर ब्युइक सोडून देऊ. त्यांच्या वाटेला कोणी गेलं नाही. खरी धामधूम १९९६नंतरच्या दशकातली.

त्या दशकातल्या इंजिनावर ईटनचा एम९० ब्लोअर बसला. पट्ट्यावर चालणारा, दर फेऱ्याला सुमारे दीड लिटर हवा ढकलणारा. ताकद २४० अश्वशक्ती आणि टॉर्क भरभक्कम. मूळची ३.८ इंची पुली काढून ३.४ इंची बसवली की ब्लोअर जास्त वेगानं फिरतो. याहून स्वस्त ताकद नाही, असं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं जाई. विकणाऱ्यांनी गाळलेला भाग असा, की या इंजिनाला कंपनीचा इंटरकूलर नव्हता. हवा जितकी दाबाल तितकी ती तापते, सिलिंडरमध्ये नॉकिंग सुरू होतं आणि संगणक ठिणगीची वेळ मागे ओढतो. म्हणजे खिशातले पैसे मोजून गाडी मंद करायची! यावर 'आमची तर पळाली' असं उत्तर ठरलेलं. थंड हवेत, महागड्या प्रीमियम पेट्रोलवर पळालीही असेल. पण योग्य स्कॅनर जोडला की नॉकमुळे टायमिंग किती अंश मागे गेलं ते समोर दिसतं. ते न बघता पुली बदलणं म्हणजे निव्वळ जुगार, आणि त्यात इंजिनाआधी गिअरबॉक्स गेल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत.

दुरुस्तीकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. कूलंटचे दोन प्लास्टिकचे एल्बो उष्णतेनं ठिसूळ होऊन तुटतात. ही कंपनीची कंजुषी, ती माफ करण्याजोगी नाही. पण ॲल्युमिनियमचे एल्बो किरकोळ किमतीत मिळत होते. ब्लोअरच्या नाकाडातलं तेल इंजिनाच्या तेलापेक्षा वेगळं असतं, ते तपासायचं असतं, हे कित्येक मालकांच्या गावीही नव्हतं. आतला कपलर झिजला की ब्लोअर खडखडतो, आणि एवढ्याशा भागापायी अख्खा ब्लोअर बदलला जाई. जुन्या गाडीवर पैसे घालणंच वेडेपणा, असा आक्षेप आहे. पेट्रोलच्या हिशेबात तो खरा आहे, पण हे सगळे भाग साध्या हत्यारांनी घरच्या अंगणात बदलता येतात. अजून एखादी जीटीपी हाती असेल, तर आधी एल्बो, तेल आणि कपलर बघा. पुलीचे पैसे उरले तर स्कॅनर घ्या.