‘पाहिजे’ची नवी जाहिरात

वर्तमानपत्राच्या आंतील पानावर बारीक टाइपांत छापलेलें ‘पाहिजेत’ हें सदर मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचें आहे. ‘टर्नर पाहिजे. अनुभवी. पगार योग्यतेप्रमाणें. समक्ष भेटा.’ ही त्रोटक भाषा कोणा साहित्यिकानें घडविलेली नाहीं. ती वर्तमानपत्राच्या दरपत्रकानें घडविली आहे. शब्दागणिक किंवा ओळीगणिक पैसे मोजावे लागत, म्हणून मालक शब्द कापी आणि उरलेलें सारें भेटीसाठीं राखून ठेवी. अर्जदारहि बहुधा त्याच शहरांतला असे. चौकशीसाठीं त्याची फार तर एक सकाळ जाई.

आतां जाहिरातीची जागा बदलली आहे. अमेरिकेंत १९९० नंतरच्या दशकांत इंटरनेटवर नोकऱ्यांचीं संकेतस्थळें निघालीं. भारतांत ‘नोकरी डॉट कॉम’ १९९७ सालीं सुरू झालें. केंद्र सरकारची ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ २०१५ पासून चालू आहे, आणि महाराष्ट्र शासनाचें ‘महास्वयम्’ हें संकेतस्थळहि आहे. या दोन्ही सरकारी ठिकाणीं मालकाला शुल्क पडत नाहीं. खासगी संकेतस्थळांपैकीं कांहीं पैसे घेतात, कांहीं थोड्या जाहिराती मोफत देतात. परंतु शब्द मोजून दर आकारण्याची जुनी रीत तेथें सहसा आढळत नाहीं. त्याखेरीज व्हॉट्सअ‍ॅपवरील गट आहेतच.

आश्चर्य असें कीं, जागा मुबलक मिळूनहि भाषा मात्र जुनीच राहिली. ज्या खर्चापायीं शब्दांची काटकसर सुरू झाली तो खर्च गेला, संवय उरली. आणि हीच संवय आज लहान व्यावसायिकाला सर्वांत महाग पडते.

समजा, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरांत आठ माणसांचा एक कारखाना आहे. माल खरेदी करणारा मालकच, बँकेंत जाणारा मालकच, आणि अडचण पडली तर लेथवर उभा राहणाराहि मालकच. एका सायंकाळीं तो मोबाइलवर ‘टर्नर पाहिजे’ एवढेंच लिहितो. दोन दिवसांत अर्जांचा ढीग पडतो. त्यांत लेथला कधीं हात न लावलेले तरुण असतात, केवळ संगणकनियंत्रित यंत्रावर काम केलेले असतात, आणि नांदेड-परभणीहून येऊं पाहणारेहि असतात. तीस-चाळीस अर्ज पाहून मालक थकतो व हातीं लागेल त्याला बोलावितो. नेमका हवा असलेला कारागीर यादींत शंभराव्या जागीं असतो. त्याला कोणी विचारीतच नाहीं. नेमलेला माणूस दोन महिन्यांत सोडून जातो, आणि पुनः तीच जाहिरात.

या गोंधळाची दुसरी बाजू अधिक दुःखाची आहे. नांदेडचा तरुण उसने पैसे घेऊन रात्रभर प्रवास करतो, आणि कारखान्याच्या दारांत त्याला कळतें कीं राहण्याची सोय नाहीं व पगारांतून खोलीचें भाडें भागणार नाहीं. ही गोष्ट एका ओळींत लिहितां आली असती. ती ओळ मालकाला फुकट होती. तिच्या अभावाची किंमत मात्र त्या तरुणानें मोजली.

मोठ्या कंपनींत अर्ज निवडण्यासाठीं स्वतंत्र कचेरी असते. लहान मालकापाशीं ती नसते. म्हणून त्याच्या जाहिरातीनेंच चाळणीचें काम केलें पाहिजे.

पहिली गोष्ट शीर्षकाची. इंटरनेटवरील जाहिरात माणसाच्या आधीं यंत्र वाचतें. गूगलनें २०१७ सालीं अमेरिकेंत व पुढच्या वर्षीं भारतांत नोकऱ्यांचा वेगळा शोध सुरू केला. पदाचें नांव, गांव, मालकाचें नांव आणि जाहिरातीची तारीख या गोष्टी यंत्राला स्पष्ट मिळाव्या लागतात. ‘हरहुन्नरी सहकारी हवा’ असें शीर्षक दिलें, तर टर्नरचें काम शोधणाऱ्याला तें सांपडावें कसें? लोक ज्या नांवानें काम ओळखतात तेंच नांव द्यावें.

दुसरी गोष्ट पगाराची, आणि येथेंच मालकाची लेखणी अडखळते. शेजारच्या कारखानदाराला आंकडा कळेल, आपल्याच जुन्या माणसांना कळेल, ही त्याची धास्ती असते. न्यूयॉर्क शहरानें नोव्हेंबर २०२२ पासून चार किंवा अधिक नोकर असलेल्या मालकांना जाहिरातींत वेतनाची मर्यादा सांगणें बंधनकारक केलें. म्हणजे चार नोकरांचा लहान दुकानदारहि त्यांतून सुटला नाहीं. भारतांत असें सर्वसाधारण बंधन नसलें तरी त्यामागील व्यवहार येथेंहि लागू पडतो. ज्याला तो पगार परवडत नाहीं तो अर्जच करीत नाहीं, आणि दोघांचाहि वेळ वांचतो. जुन्या कामगारांसमोर आंकडा छापण्याची लाज वाटत असेल, तर दोष जाहिरातींत नसून पगाराच्या पत्रकांत आहे.

कांहीं गोष्टी न लिहिणें तितकेंच महत्त्वाचें. ‘फक्त पुरुष’ किंवा ‘फक्त मुली’ हे शब्द अजूनहि सर्रास दिसतात. समान कामाच्या भरतींत स्त्री-पुरुष भेद करूं नये, असें १९७६ च्या समान वेतन कायद्यानें सांगितलें होतें; २०१९ च्या वेतनसंहितेंतहि तेंच तत्त्व आलें. तसेंच, पहिल्या अर्जाबरोबरच आधार कार्ड व बँकेचें पासबुक मागूं नये. व्यक्तिगत माहिती ज्या कामासाठीं घेतली त्याच कामासाठीं वापरावी आणि काम संपल्यावर ठेवूं नये, हें २०२३ च्या कायद्याचें सूत्र आहे.

शेवटची गोष्ट विश्वासाची. खोट्या नोकरीचें आमिष दाखवून ‘नोंदणी शुल्क’ उकळणारे भामटे याच माध्यमांत वावरतात. अनोळखी लहान कारखाना खरा कीं खोटा, हें अर्जदारानें ओळखावें कशावरून? म्हणून पूर्ण नांव, पत्ता व कचेरीचा दूरध्वनि द्यावा, आणि शुल्क नाहीं हें स्पष्ट सांगावें. जागा भरतांच जाहिरात काढून टाकावी. निवड न झालेल्यांना दोन ओळींचें उत्तर धाडावें.

मग त्या कारखान्याची जाहिरात कांहींशी अशी होईल : ‘टर्नर पाहिजे, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. साध्या लेथवर पंपाचे शाफ्ट व बुश करण्याचें काम. ड्रॉइंग वाचतां येणें व मायक्रोमीटरनें माप घेतां येणें आवश्यक. आय. टी. आय. किंवा दोन वर्षांचा अनुभव. वेळ सकाळीं ९ ते सायंकाळीं ५-३०, सोमवारीं सुटी. पगार दरमहा १९ ते २३ हजार रुपये. राहण्याची सोय नाहीं. अर्जाची मुदत ३० तारखेपर्यंत. त्यानंतर आठ दिवसांत सर्वांना उत्तर. कोणतेंहि शुल्क नाहीं.’ खालीं मालकाचें नांव, पत्ता व दूरध्वनि.

हें लिहावयास अर्धा तास लागेल. अर्ज दोनशेंऐवजीं कदाचित् पंधराच येतील. पण ते पंधराहि मालकाला वाचतां येतील, आणि त्यांत कामाचीं माणसें असण्याचा संभव अधिक. नांदेडचा तरुण ती एक ओळ वाचून एक तर घरींच थांबेल, किंवा राहण्याची व्यवस्था करूनच निघेल. नोकर आणि मालक यांच्या संबंधांतला पहिला शब्द जाहिरात बोलते. तो शब्द पुरता व खरा असला, तर पुढच्या भेटींत दोघांनाहि खालीं पाहण्याची वेळ येत नाहीं.