जामीन कोणाचा घ्यावा आणि कोणास राहावें?

“घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून” ही म्हण आपल्याकडे घरोघर बोलली जाते. लग्नाच्या कामांत निदान कुळ कोणतें, मुलगा काय करतो, घरचीं माणसें कशीं आहेत, याची चौकशी चार ठिकाणीं होते; परंतु जन्मभराची पुंजी ज्याच्या हातीं द्यावयाची त्या बांधकामाच्या कंत्राटदाराची चौकशी मात्र बहुधा एका वाक्यांत आटोपते: “अमक्याचें काम यानेंच केलें; माणूस चांगला आहे.” माणूस चांगला असेलही. पण चांगला माणूसही आजारी पडतो, त्याचे भागीदार भांडतात, एका कामांत आलेली खोट तो दुसऱ्या कामाच्या पैशानें भरून काढूं लागतो, आणि तिसऱ्याचें घर जोत्यावर येऊन थांबतें. अशा वेळीं अर्धें राहिलेलें काम पुरें कोणीं करावयाचें, आणि तें कोणाच्या खर्चानें? या प्रश्नाचें उत्तर काम सुरू होण्यापूर्वींच लिहून ठेवणें, यासच जामीन म्हणतात.

एकत्र कुटुंबावर या विषयाचे दोन प्रसंग येतात. जुना वाडा पाडून नवें घर बांधतांना कुटुंब जामीन मागणारें असतें. आणि घरांतील एखादा होतकरू पुतण्या किंवा भाचा कंत्राटें घेऊं लागला, म्हणजे त्याच्या कर्जाच्या कागदावर सही करण्याची पाळी वडीलधाऱ्यांवर येते. या दोन्ही बाजू वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

स्मृतिकारांचें मत

जामिनास संस्कृतांत ‘प्रतिभू’ म्हणतात. दुसऱ्याच्या ठिकाणीं जो उभा राहतो तो प्रतिभू. याज्ञवल्क्यस्मृतींतील व्यवहाराध्यायांत प्रतिभूचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला दर्शनाचा, म्हणजे मनुष्यास वेळेवर हजर करण्याचा. दुसरा प्रत्ययाचा, म्हणजे ‘हा विश्वासास पात्र आहे’ असें सांगण्याचा. तिसरा दानाचा, म्हणजे त्यानें न दिल्यास आपण देण्याचा. पहिल्या दोहोंची जबाबदारी प्रतिभूच्या देहापुरती. तिसऱ्याची मात्र त्याच्या पुत्रांपर्यंत पोंचते, असा भेद स्मृतिकारांनीं केला. त्याबरोबरच प्रतिभूकडून सावकारानें उघडपणें धन वसूल केलें, तर ऋणकोनें त्यास त्याची दुप्पट भरपाई द्यावी असेंही सांगितलें आहे. दुसऱ्याचें ओझें उचलणाऱ्याविषयीं शास्त्राला आदर होता, हें यावरून दिसतें.

परंतु गृहस्थांनीं सर्वांत अधिक लक्षांत ठेवण्याजोगा नियम निराळाच आहे. अविभक्त असतां भाऊ भावास, पति पत्नीस, किंवा पिता पुत्रास प्रतिभू होऊं शकत नाहीं, असें याज्ञवल्क्यानें स्पष्ट म्हटलें आहे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत या ठिकाणीं परस्परांच्या संमतीची सवड ठेवली आहे. पण मूळ तत्त्व उघड आहे. दोघांची थैली एकच असेल, तर एकानें दुसऱ्यास जामीन राहण्यानें सावकाराच्या हातीं नवें कांहींच पडत नाहीं. ज्याची थैली निराळी, त्याचाच जामीन खरा. बांधकामाच्या व्यवहारांतील पुष्कळशा फसगती या एका नियमाच्या विस्मरणानें झालेल्या असतात. कंत्राटदार आपल्या भावाची हमी देतो, किंवा आपल्याच मालकीच्या दुसऱ्या कंपनीची हमी देतो, आणि आपण ती घेऊन निश्चिंत होतों!

अमेरिकेंतील व्यवस्था

निराळ्या थैलीचें हें तत्त्व अमेरिकेंत फार पद्धतशीरपणें राबविलें गेलें. तेथें खासगी घराचें काम करणाऱ्या मजुराचे किंवा माल पुरविणाऱ्याचे पैसे बुडाले, तर तो त्या मिळकतीवर बोजा चढवूं शकतो. सरकारी इमारतीवर असा बोजा चढवितां येत नाहीं. म्हणून १८९४ साली हर्ड कायदा व पुढें १९३५ साली मिलर कायदा झाला. मिलर कायद्यानें मध्यवर्ती सरकारचें ठराविक रकमेवरील बांधकाम घेणाऱ्यास दोन जामीनखतें देणें भाग पाडलें: एक काम पुरें करण्याचें, सरकारच्या रक्षणासाठीं, आणि दुसरें मजूर व माल पुरविणारे यांचे पैसे चुकते करण्याचें. दुसरें खत आम्हांस विशेष वाटतें. गवंड्याची मजुरी बुडवून उभी राहिलेली इमारत पुरी झाली असें त्या कायद्यानें मानलें नाहीं.

कॅलिफोर्निया संस्थानानें तर १९२९ साली कंत्राटदारांना परवाने देणारी स्वतंत्र यंत्रणाच स्थापिली. तेथें परवाना हवा असेल तर मागील दहा वर्षांत त्या धंद्याचा चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो आणि सामान्यतः कायदा व धंदा या दोन्ही विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. मजुरी व सामान मिळून १,००० डॉलर किंवा अधिक किंमतीचें काम परवान्यावांचून घेतां येत नाहीं. २०२४ अखेरपर्यंत ही मर्यादा ५०० डॉलर होती. परवान्याबरोबर जामीनखतही द्यावें लागतें, आणि १ जानेवारी २०२३ पासून तें २५,००० डॉलरचें आहे. घरदुरुस्तीच्या करारांत आगाऊ रक्कम एकूण किंमतीच्या शेकडा १० किंवा १,००० डॉलर यांपैकीं जी कमी असेल, तिच्याहून अधिक सामान्यतः घेतां येत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. असें जामीनखत म्हणजे कंत्राटदाराचा विमा नव्हे. विम्यांत नुकसान विमा कंपनीनें सोसावयाचें असतें. जामिनांत कंपनी घरमालकास पैसे देते, आणि मागाहून तेच पैसे कंत्राटदाराकडून वसूल करते. म्हणूनच जामीन राहण्यापूर्वीं ती त्याचें शील, सामर्थ्य व संपत्ति या तिन्हींची बारकाईनें परीक्षा करते. ज्यास कोणी जामीन राहत नाहीं, त्यास आपणही काम कां द्यावें, हा विचार घरमालकास आयताच सुचतो.

आपल्या देशांत

आपल्याकडे सरकारी काम आणि खासगी काम यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे कंत्राटदारांची वर्गवार नोंदणी होते. ज्याचा जसा वर्ग, तशा किंमतीचीं कामें त्यास मिळतात. निविदेबरोबर बयाणा रक्कम, काम मिळाल्यावर सुरक्षा अनामत, चालू बिलांतून कपात, आणि काम संपल्यावर दोष-दुरुस्तीची मुदत, अशा पायऱ्या ठरलेल्या असतात. या रकमांच्या बदलीं बॅंकेची हमी देण्याची वहिवाट आहे. परंतु बॅंक हमी देतांना कंत्राटदाराची ठेव अथवा मिळकत अडकवून ठेवते, त्यामुळें त्याचें खेळतें भांडवल आटतें. यावर तोड म्हणून विमा नियामक प्राधिकरणाचे नियम १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आले, आणि विमा कंपन्यांना असे जामीनरोखे देण्याची वाट मोकळी झाली. पहिला रोखा १९ डिसेंबर २०२२ रोजीं श्री. नितीन गडकरी यांच्या हस्तें जाहीर झाला.

हें सर्व सरकारी तिजोरीच्या रक्षणासाठीं झालें. सामान्य गृहस्थाचें काय? आपल्या घराचा नकाशा काढणारा वास्तुविशारद १९७२ च्या कायद्याप्रमाणें नोंदलेला असावा लागतो. संरचनेचा हिशेब करणारा अभियंता स्थानिक प्राधिकरणाच्या मान्यतेचा असावा लागतो. पण प्रत्यक्ष विटेवर वीट ठेवणाऱ्या खासगी कंत्राटदाराच्या कसबाची परीक्षा घेणारा, कॅलिफोर्नियासारखा सर्वसाधारण परवाना आपल्याकडे नाहीं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानें परवाना आणला, तो मजुरांच्या संख्येवरून व त्यांच्या हितासाठीं. त्यावरून भिंत ओळंब्यांत येईल कीं नाहीं हें कळत नाहीं.

सदनिका विकणाऱ्या विकासकांवर मात्र २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें, ज्यास लोक ‘रेरा’ म्हणतात, चांगलाच लगाम घातला. ५०० चौरस मीटरांहून मोठी जमीन किंवा आठांहून अधिक सदनिका असलेला प्रकल्प नोंदल्यावांचून विकतां येत नाहीं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकीं शेकडा ७० वेगळ्या खात्यांत ठेवून काम जसजसें होईल तसतसेच काढावयाचे. नोंदणीकृत करारापूर्वीं शेकडा १० हून अधिक रक्कम घ्यावयाची नाहीं. ताबा दिल्यापासून पांच वर्षांत बांधकामाचा दोष कळविल्यास तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठींही शासनानें २००९ साली निर्देश काढले व २०१९ साली ते सुधारले. त्यांत विकासकाकडून प्रकल्पखर्चाच्या शेकडा २० इतकी बॅंक हमी घेण्यास सांगितलें आहे. संस्थेच्या सभेंत मोठें क्षेत्रफळ व गाड्यांची जागा यांवर दोन तास चर्चा होते; हमीचा विषय निघाला कीं “तें वकील पाहतील” म्हणून तो पुढें ढकलला जातो. वास्तविक वाढीव क्षेत्रफळ हें वचन आहे, आणि हमी हा त्या वचनाचा आधार आहे.

स्वतःच्या जागेंत घर बांधणाऱ्यांसाठीं

स्वतःच्या लहान जागेंत एखादें घर बांधणाऱ्या कुटुंबास रेराचा उपयोग होत नाहीं. ग्राहक न्यायालयाचें दार उघडें आहे, कारण गृहबांधणी ही कायद्यानें ‘सेवा’ मानलेली आहे. पण तें घर अडल्यानंतरचें दार होय. येथें आपला पैसा आपल्याच हातीं राखणें हाच उत्तम जामीन. म्हणून करार लेखी असावा आणि त्यांत नकाशे, सामानाची प्रत व मुदत नमूद असावी. पैसे जोतें, छत, गिलावा अशा टप्प्यांनीं, काम मोजून झाल्यावर द्यावे. झालेल्या कामाहून दिलेली रक्कम कधींही पुढें धांवूं देऊं नये. ज्यादा काम सांगितल्यास त्याची किंमत त्याच दिवशीं लिहून घ्यावी. शेवटच्या हिशेबांतील कांहीं भाग एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा. गच्चीची परीक्षा पाऊस जितकी निःपक्षपातानें घेतो, तितकी कोणी अभियंता घेत नाहीं. मजुरांना मजुरी मिळते कीं नाहीं, हेंही अधूनमधून विचारावें. मजुरी थकूं लागली, कीं कंत्राटदाराची थैली रिकामी होत आल्याची ती पहिली खूण समजावी.

सही करण्यापूर्वीं

आतां दुसरी बाजू. पुतण्या उद्योगी आहे, त्यास कर्ज हवें आहे, आणि बॅंक जामीन मागते. घरांतील स्त्रिया म्हणतात, “पोराचें भलें होतें आहे, एका सहीनें काय जातें?” काय जातें तें १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमांत आहे: करारांत निराळें ठरलें नसेल, तर जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. बॅंकेनें आधीं पुतण्याचें घर विकावें व मग काकाकडे यावें, असें बंधन बॅंकेवर नसतें. जामिनास न विचारतां कराराच्या अटी बदलल्या, तर त्यापुढील व्यवहारांतून तो मोकळा होतो, असें १३३ वें कलम म्हणतें. परंतु बॅंकांच्या छापील कागदांत असे हक्क सोडून दिल्याचीं वाक्यें बहुधा असतात, आणि वाचण्याची जागा तीच असते. पैसे भरल्यानंतर ते पुतण्याकडून मागण्याचा हक्क जामिनास आहे. मात्र ज्याच्याजवळ असते, त्यानें आधींच दिले नसते काय?

पित्याचें ऋण पुत्रानें धर्म म्हणून फेडावें, हें केवळ त्या धार्मिक कर्तव्याच्या आधारें न्यायालयांतून वसूल करण्याची वाट हिंदु वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनें, त्यापुढील ऋणांपुरती, बंद केली. पण वडिलांची जी मिळकत मुलांकडे यावयाची, तिच्यावर वडिलांच्या सहीचा भार राहतोच. यासाठीं ज्यांच्या वांट्यास हा भार येणार, त्या सर्वांना बसवून, घरांतील स्त्रियांसह, रक्कम व मुदत स्पष्ट सांगून संमति घ्यावी. मिताक्षराकारानें संमतीची जी सवड ठेवली, तिचा हाच व्यवहारी अर्थ आहे. जितकी रक्कम आपण उद्यां देणगी म्हणून देऊं शकूं, तितक्याच रकमेस मर्यादा घालून जामीन राहावें. आणि तेवढी ऐपत नसेल, तर प्रेमानें पण स्पष्ट नकार द्यावा. भीड ही भिकेची बहीण, असें आपले वडील सांगत आले आहेत. नाहीं म्हटल्यानें चार दिवस अबोला येईल. न झेपणाऱ्या सहीनें घर व नातें दोन्ही जातात.

शब्दावर विश्वास ठेवणें हा आपल्या समाजाचा गुण आहे, आणि तो टाकावा असें आमचें म्हणणें नाहीं. प्रामाणिक कंत्राटदारास लेखी करार व जामीन यांचा राग येत नाहीं; कारण त्यांनीं त्याचेंही रक्षण होतें. ज्यास राग येतो, त्याच्या हातीं घराची पहिली वीटही देऊं नये.