टेम्पो चालू होत नाही? लिंबू-मिरची राहू द्या, आधी बॅटरीची तार हलवून बघा

आपल्या वस्त्यांमधून आज जुन्या पिकअप गाड्यांवर कितीतरी घरे चालतात. कोणी मंडईत भाजी टाकतो, कोणी विटा वाहतो, कोणी मंडपाचे सामान नेतो आणि चौदा एप्रिलला त्याच गाडीवर बाबासाहेबांची प्रतिमा ठेवून मिरवणूक निघते. नवी गाडी परवडत नाही, म्हणून दहा-पंधरा वर्षे वापरलेली महिंद्राची पिकअप नाहीतर टाटा २०७ घ्यायची, तिचा हप्ता फेडायचा आणि त्यातूनच मुलांची फी काढायची, असा हा संसार आहे. अशा घरात पहाटे तीन वाजता गाडी अडली तर नुसते एक भाडे बुडत नाही. व्यापारी दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याची गाडी सांगतो. म्हणून या वेळी कुटुंबाच्या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे. भगिनींनीही तो वाचावा, कारण गाडी अडली की उजेड धरायला पहिली हाक त्यांनाच जाते.

आधी एक गोष्ट स्पष्टच बोलतो. गाडी लागोपाठ दोन दिवस अडली की कोणीतरी म्हणते, नजर लागली. मग लिंबू-मिरची येते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ फुटतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्यांच्या भिंतीवर लावलेल्या आहेत, त्यांच्या बंपरलाही हे लटकलेले आम्ही पाहिले आहे. कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण. इंजिनाला तर ती हमखास लागू पडते. डिझेलच्या इंजिनाला पेट्रोलसारखी ठिणगी लागत नाही. सेल्फने ते पुरेशा वेगाने फिरवले पाहिजे, सिलिंडरमधली हवा दाबली जाऊन तापली पाहिजे आणि त्या तापल्या हवेत नोजलमधून डिझेल पडले पाहिजे. या तिन्हींत काय कमी पडते ते शोधायचे.

पुढचे दिवे लावा आणि घरातल्या एखाद्याला गाडीसमोर, पण बाजूला उभे करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. आता किल्ली मारा. दिवे एकदम विझले किंवा अगदी मंद झाले आणि ‘कट-कट-कट’ असा आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल धरत नाही. दिवे तेजदार राहिले आणि एकच ‘टक’ झाले, तर संशय सेल्फवर. आवाजच नाही, तर किल्लीच्या स्विचपासून सेल्फपर्यंतची बारीक वायर बघावी. आणि सेल्फ जोरात फिरतो, तरी इंजिन पकडत नाही, तर विजेचा नाद सोडून डिझेलकडे वळावे. एवढ्या दोन मिनिटांत निम्मा प्रश्न सुटतो.

जुन्या गाडीत बहुतेक वेळा दोष बॅटरीच्या आसपासच सापडतो. टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार चढतो आणि वीज अडते. आधी काळी म्हणजे निगेटिव्ह तार काढावी, मग लाल. गरम पाणी टाकून खार धुवावा, कोरडे करून पॉलिश पेपरने घासावे. जोडताना उलट, आधी लाल, शेवटी काळी; वरून पेट्रोलियम जेली लावावी. त्या बॅटरीत गंधकाचे आम्ल असते आणि तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून तोंडात विडी धरून वाकू नये. काळ्या तारेचे दुसरे टोक चेसिसला आणि इंजिनाला बोल्टने जोडलेले असते. तिथला गंज कोणी पाहत नाही, आणि त्यापायी चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात! स्वस्तातला मीटर घेतला तर फारच उत्तम: उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास आकडा दिसला नाही, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा. बॅटरीत पाणी घालायचे ते डिस्टिल्डच, नळाचे नव्हे.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावे. नाहीतर तोही जळतो.

आता डिझेल. सेल्फ फिरत असताना सायलेन्सरकडे पाहा. धूर अजिबात नाही, तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येतो, तर डिझेल पोचते पण पेटत नाही. तिथे हीटर प्लग, थंडी किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन हे कारण असते आणि काम मिस्तरीचे. धूरच नसेल तर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला कान लावा. किल्ली ऑन केली की तिथे ‘टक’ व्हायला हवे. नसेल तर फ्यूज आणि वायर तपासा. काही जुन्या गाड्यांत इंजिन बंद करण्याचा ओढायचा खटका असतो. तो ओढलेलाच राहून घरचे सगळे घामाघूम होतात.

टाकी रिकामी होत आली असेल किंवा रबरी नळी चिरली असेल, तर लाइनमध्ये हवा शिरते. संध्याकाळी चांगली चाललेली गाडी रोज सकाळीच त्रास देते, तेव्हा हाच संशय घ्यावा. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू जरा सैल करून हातपंप मारत राहावे. फेस येणे थांबून सलग डिझेल आले की, पंप मारता मारताच स्क्रू आवळावा. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. पाणी असेल तर खाली बसते. नोजलच्या नळ्यांना मात्र हात लावू नये. त्या दाबाने उडालेले डिझेल कातडीतून आत घुसते. भोक टाचणीएवढे दिसले तरी लगेच दवाखाना गाठावा.

मिस्तरीकडे गेलात तर ‘चालू होत नाही’ एवढेच सांगू नका. दिवे विझले का, धूर आला का, आवाज कसा होता, हे सांगा आणि बदललेला जुना भाग परत मागा. सैल टर्मिनलसाठी सेल्फ खोलल्याचे बिल मग सहसा होत नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत आणि १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी तो प्रश्न धसास लावला, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. चांगल्या मजुरीचे कसब तेव्हा आपल्याला बंद होते. आज पोराने पाना हातात घेतला तर त्याला रागावू नका.

हे सारे जुन्या, साध्या डिझेल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. २०२० पासून आलेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत संगणक आणि प्रचंड दाबाची डिझेल लाइन असते. तिथे बॅटरी आणि फ्यूज बघून पाना खाली ठेवावा.