दिवसा बैठक, रात्री शय्या

बेन पॉन या डच व्यापाऱ्याने १९४७ साली आपल्या वहीत ज्या पेटीवजा वाहनाची आकृती रेखाटली आणि १९५० पासून जे फोक्सवागनने वोल्फ्सबर्ग येथे बांधावयास घेतले, त्याला घरपण आणण्याचे श्रेय मुख्यत्वे जर्मनीतील वीडेनब्रुक गावच्या वेस्टफालिया या कारखान्याला दिले पाहिजे. १८४४ साली लोहारकामापासून आरंभ झालेल्या या कारखान्याने १९५१ मध्ये गाडीत मांडून पुन्हा काढून ठेवता येईल असे घरसामान सिद्ध केले आणि गाडीतच बिऱ्हाड करून भटकण्याची सोय झाली. आज या जुन्या कॅम्परव्हॅनच्या इंजिनाविषयी, रंगाविषयी मालक मंडळी तासन् तास बोलतात. गाद्यांचा विषय मात्र पत्र्याचा गंज निघाल्यावर आणि पैसे उरलेच तर निघतो. मला हा क्रम अन्यायाचा वाटतो, कारण माणसाचे अंग गाडीला प्रत्यक्ष भिडते ते गादीपाशीच.

१९६७ ते १९७९ या काळात जर्मनीत निघालेल्या दुसऱ्या पिढीच्या पुष्कळशा वेस्टफालिया गाड्यांत मागची बैठक पुढे ओढली की तिची पाठ आडवी होते आणि मागे, इंजिनावरच्या फळीवर अंथरलेल्या तिसऱ्या गादीशी जुळून शय्या सिद्ध होते. दुरुस्तीचे सगळे मर्म या जुळणीत आहे. रोज दबली जाणारी बैठकीची गादी तेवढी नव्याने भरून घेतली, तर ती दिवसा सुखावह वाटेल. परंतु रात्री उरलेल्या दोन गाद्यांहून ती बोटभर उंच राहील आणि निजणाऱ्याच्या कमरेखाली एक पायरी तयार होईल. म्हणून जाणता कारागीर तिन्ही गाद्या फळीवर मांडून आधी त्यांवर आडवा होतो आणि मगच कातर हाती घेतो.

पुढच्या आसनांची घडण निराळी. चालकाच्या आसनाची दाराकडील कड नेहमी प्रथम झिजते, कारण चढता-उतरता प्रत्येक वेळी तिच्यावरूनच घसरावे लागते. कापड ताणून धरणाऱ्या लोखंडी कड्या पकडीने एकेक सोडवून खोळ उचलली, की तळाशी स्प्रिंगांची जाळी, तिच्यावर गोणपाट आणि त्यावर रबराच्या चिकाने सांधलेल्या काथ्याचा थर सापडतो. कोकणात सोडणे भिजवून सुंभ वळणाऱ्या हातांना परिचित असलेला हाच तो नारळाचा तंतू. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण म्हणतो; येथे मात्र चीक वाळून ठिसूळ झाला की तंतूंचा पीळ आधी जातो आणि आसन हलविताच तपकिरी भुकटी स्प्रिंगांमधून खाली झरू लागते. अशा आसनावर नवे कापड चढविणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून पांघरूण बदलणे होय.

मागच्या गाद्यांत फोम असतो. ऑटो बायर यांनी १९३७ साली लेव्हरकुझेन येथे ज्या पॉलियुरेथेनचा शोध लावला, त्याचेच हे पुढील रूप. उजेड, हवा आणि ओलावा यांनी तो पिवळा पडतो, बसतो, शेवटी बोटाने चुरडला जातो. नवा फोम घेताना ग्राहक बहुधा दाबून पाहतो आणि फसतो. कारण दाबून कळतो तो कठीणपणा, आणि टिकाऊपणा बराचसा अवलंबून असतो तो घनतेवर. या दोन गोष्टी भिन्न आहेत. बसण्यासाठी खाली कठीण व निजण्यासाठी वर मऊ असे दोन थर चिकटविण्याची तजवीज मला सर्वांत शहाणपणाची वाटते. फोम दातेरी पात्याच्या विजेच्या सुरीने सरळ कापतात, खोळीहून अर्धा इंच मोठा ठेवतात, त्यावर पॉलिएस्टरच्या वाखाचे पातळ आवरण घालतात आणि पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खोळीत सरकवतात. पिशवी मागाहून ओढून घेतली की गादी कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत भरून येते. खालच्या प्लायवूडला भोके पाडण्याचा कंटाळा करू नये. निजलेल्या माणसांच्या अंगची वाफ थंड फळीवर साचते आणि तिला वाट न मिळाल्यास नव्या फोमलाही बुरशी धरते.

खोळ मात्र फाडून काढू नये. शिवण टाक्याटाक्याने उसवावी, प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घालावा, कारण हे जीर्ण तुकडेच नव्या खोळीचा नमुना असतात. त्या काळच्या कित्येक गाड्यांत चौकड्यांचे कापड असे. बैठकीवरची रेघ पाठीवरच्या रेघेशी जुळवावयाची, तर कापड थोडे वाया घालविण्याची तयारी हवी. उसविताना पाइपिंगच्या आत दुमडलेली अर्ध्या बोटाची पट्टी उलगडते. वरचे कापड उन्हाने राखी पडलेले असते, पण या दुमडीला ऊन कधी लागलेलेच नसते. कारखान्यातून निघाले तेव्हाचे गडद हिरवे तेथे तसेच असते. ती पट्टी कापून, पाकिटात घालून कारागीर कापडवाल्याकडे जातो.