मिरचीची पाने का मुरडतात? : फवारणीपूर्वी निदान करा

दारातील कुंडी असो, परसातील वाफा असो वा एकरभराचा मळा असो, मिरचीविषयी एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. कोवळी पाने आखडतात, मुरडतात, बारीक राहतात आणि झाडाची वाढ खुंटते. शेतकरी बांधव या विकृतीस बोकड्या किंवा चुरडामुरडा म्हणतात. नाव एक असले तरी कारण मात्र एक नाही. फुलकिडे, कोळी, विषाणू आणि तणनाशक अशा चार निरनिराळ्या कारणांनी पाने वेडीवाकडी होतात. एकावरील उपाय दुसऱ्यावर चालत नाही. प्रसंगी तो अपायही करतो. यास्तव पंप खांद्यावर घेण्यापूर्वी पान उलटून पाहणे अगत्याचे आहे.

पान कोणत्या बाजूस वळले?

पानाच्या कडा वरच्या बाजूस वळून पान होडीसारखे झाले असेल, तर प्रथम फुलकिड्यांचा संशय घ्यावा. हे पिवळसर, सडपातळ किडे सुमारे एक मिलिमीटर लांबीचे असतात. ते कोवळी पाने खरवडून रस शोषतात.

कडा खालच्या बाजूस वळून पान पालथ्या होडीसारखे झाले असेल, पाने अरुंद व देठ लांबट दिसत असतील, तर ते बहुधा कोळ्यांचे काम होय. हा कोळी मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढा असल्याने नुसत्या डोळ्यांस दिसत नाही. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून कोवळ्या पानाची खालची बाजू पाहिली असता तो व त्याची पांढऱ्या ठिपक्यांची अंडी दिसतात.

कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि पुष्कळशी कीटकनाशके त्याच्यावर निरुपयोगी ठरतात. उलट अशा फवारणीने त्याला खाणारे मित्रजीव मरतात व कोळ्यांची संख्या वाढते. फवारणी करूनही बोकड्या वाढतच जातो, त्याचे एक कारण हे आहे.

विषाणूवर औषध नाही

पाने लहान होऊन गोळा झाली, शिरा जाड झाल्या, पेरे आखूड राहून झाड झुडपासारखे दिसू लागले आणि फुले-फळे कमी झाली, तर तो विषाणूजन्य रोग समजावा. पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषून निरोगी झाडावर बसते व रोग पसरविते. रोग जडलेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. असे झाड दिसताच उपटून नष्ट करावे. खरा बंदोबस्त रोपवाटिकेतच करावयाचा असतो. वाफ्यावर ४० ते ५० मेशची नायलॉनची जाळी ताणावी आणि लागवडीच्या शेताभोवती मक्याच्या दोन ओळी आधी पेराव्यात.

पंपातील तणनाशक

ऊस, ज्वारी किंवा गव्हातील रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी हे तणनाशक वापरतात. त्याचा वाऱ्याने आलेला फवारा किंवा पंपात राहिलेला अंश मिरची, टोमॅटो, कापूस व द्राक्ष यांस बाधतो. पाने पट्टीसारखी अरुंद होतात व शिरा एकमेकींस समांतर दिसू लागतात. अशा वेळी शेतात कीड सापडत नाही आणि शेजारच्या शेताकडील बाजू अधिक बाधलेली दिसते. तणनाशकासाठी पंप स्वतंत्रच ठेवावा.

तपासणीची रीत

कार्यकर्त्याने भेटीस जाताना एक भिंग व एक पांढरा कागद जवळ बाळगावा. कागद शेंड्याखाली धरून डहाळी हलकेच झटकावी. फुलकिडे असल्यास ते कागदावर धावताना दिसतात. फुलेही अशीच झटकावीत. २०२१ साली आंध्र प्रदेश व तेलंगणात मिरचीचे मोठे नुकसान करणारे परदेशी जातीचे काळसर फुलकिडे फुलांतच मोठ्या संख्येने आढळले होते. त्यानंतर झाड हलवून पांढरी माशी उडते काय ते पाहावे. शेताच्या चारी बाजूंची व मधली मिळून काही झाडे तपासल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

दुपारच्या उन्हात पाने मलूल होऊन सकाळी पूर्ववत होत असतील, तर ती बहुधा पाण्याची कमतरता होय.

उपाययोजना

फुलकिड्यांवर प्रारंभीच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. परसबागेसाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, एक लिटर पाणी करावे. त्यात चिमूटभर साबण मिसळून सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारे गंधक वेष्टनावर छापलेल्या प्रमाणात वापरावे. कडक उन्हात ते फवारू नये. प्रादुर्भाव अधिक असल्यास रासायनिक औषधाची निवड कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीनुसार करावी.

अंगणातील तुळशीची पानेही अशीच मुरडतात. त्यामागे बहुधा जाळीदार पंखांचा एक बारीक कीटक असतो. पानाखाली काळसर विष्ठेचे ठिपके दिसले की तो ओळखावा. तुळशीची पाने घरातील माणसे काढ्यात व प्रसादात खातात. तेव्हा तीवर रासायनिक औषध न फवारता बाधित शेंडे खुडावेत व पाने पाण्याच्या जोरदार धारेने धुवावीत.

शेवटी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. एकदा वेडेवाकडे झालेले पान पुन्हा सरळ होत नाही. उपायाचा गुण जुन्या पानांवर न पाहता दहा-पंधरा दिवसांनी येणाऱ्या नव्या फुटीवर पाहावा. जुनी पाने तशीच दिसतात म्हणून आठवड्यात तीन वेळा औषध मारणारा शेतकरी पैसाही गमावतो आणि मित्रकीटकही. नवी पालवी निकोप येत असल्यास फवारणी थांबवावी. ती पुन्हा मुरडत असल्यास निदान चुकले असे समजून भिंग घेऊन तपासणी नव्याने करावी.