चाळिशी लागली तरी नेम ढळू नये

नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीचं जगज्जेतेपद पटकावलं, अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवून. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पण चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं धूसर दिसू लागतं. तरीही तिरंदाजी सोडायचं कारण नाही.

• नजर : हातभर अंतरावरची साइटची (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाची) पिन आणि ५० मीटरवरचं लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. नजर लक्ष्यावर ठेवा. पिन जराशी अंधूक चालेल.

• पीप : कंपाउंड धनुष्याच्या दोरीतलं हे छिद्र बारीक घेतल्यास पिन रेखीव दिसते, पण उजेड घटतो.

• नियम : स्पर्धेत साइटमध्ये भिंग कंपाउंडला चालतं, रिकर्व्ह या दुसऱ्या धनुष्यप्रकाराला नाही. नंबरचा चष्मा दोन्हींत चालतो.

• तपासणी : डोळ्यांच्या डॉक्टरांना पिन आणि लक्ष्य, दोन्हींची अंतरं सांगा.